पेंटरने वळवलेला ओढा

दादाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सांगण्यावरून खोटं रंगवलं, स्वतःच्या मनाने फक्त एकदा. त्या एका वेळी त्याने ओढा वळवला. पाण्याला हात न लावता वळवला, कारण पाणी नव्हतंच. आमच्या जन्माच्या आधीच तो ओढा बुजवून त्यावर रस्ते केले होते, रस्त्याकडेला दुकानं झाली होती. असा मेलेला ओढा दादाने एका गल्लीतून उचलला, दुसऱ्या गल्लीत घातला, आणि शहराने हूं की चूं केलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शहर त्याला पेंटर म्हणतं. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, 'येथे वाहने लावू नयेत', हे सगळं त्याच्या हातचं. मी त्याची धाकटी बहीण. साठी ओलांडली तरी घरात मी बेबी आणि बाहेर बेबीताई, त्याला आता इलाज नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, त्यामुळे दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायची सवय आहे, ती इथेही दिसेल. लग्न केलं नाही. वहिनी गेल्या तेव्हा थोडे दिवस म्हणून दादाकडे राहायला आले, ते थोडे दिवस अजून चालू आहेत.

पाट्यांच्या धंद्यात एक रीत होती. बेकरी काल उघडलेली असली तरी पाटीवर 'स्थापना' हवीच. मालक डोकं खाजवायला लागला की दादाच सुचवायचा, "तुमच्या वडिलांच्या जन्माचं साल टाकू का?" मालक खूश. रंग वाळला की बेकरी जुनी. मग थोड्या दिवसांनी एखादं गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगायचं की माझे आजोबा इथूनच पाव न्यायचे. दादा मला म्हणायचा, "बेबी, माणूस तोंडाने बोलला तर लोक शंका घेतात. सुबक अक्षरात रंगवलं की मान डोलावतात." हे त्याचं तत्त्वज्ञान. मी म्हणायचे, जेवण गार होतंय.

पुढे फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम बसलं. दादाचं शेवटचं मोठं काम म्हणजे पाणी खात्याच्या इमारतीतली भिंत. साहेबांना एका जुन्या नकाशाची हुक्की आली होती, तो दादाने भिंतभर मोठा करून काढायचा होता. नकाशात ओढा आणि कालवा. ओढा टेकडीवरच्या तळ्यातून निघून शहरातून वेडावाकडा यायचा आणि लाकडाच्या वखारींपाशी कालव्याला मिळायचा. कालवा मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ नदीपर्यंत, होड्यांतून ओंडके न्यायला खणलेला. मी रोज दादाचा डबा घेऊन जायचे. शिडीखाली उभी राहून तो नकाशा मी इतका बघितला की डोळे मिटून सांगितला असता. पुढे साहेब बदलले, नव्या साहेबांना पांढरी भिंत आवडायची, त्यांनी चुना फासला. मूळ नकाशा कपाटात वाळवीने खाल्ला. म्हणजे ओढा कुठून जात होता हे ठाऊक असलेली दोनच माणसं शहरात उरली, एक दादा आणि एक मी, आणि मला कोणी विचारत नव्हतं.

रिकामा बसला की दादा घरात नुसता फिरायचा, डबे उघडायचा, बंद करायचा, मला स्वयंपाक शिकवायचा. माझ्या नाकी नऊ आले. एका रविवारी मीच म्हटलं, "जा, लोकांना तुझा ओढा दाखव. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटू नकोस." त्याने ते मनावर घेतलं. निळ्या रंगाचा डबा काढला आणि ओढा जिथून जिथून जात होता तिथे भिंतीच्या पायाशी लाटेची छोटी खूण काढत गेला. तीन वळशांची लाट, खाली बारीक अक्षरात 'ओढा'. कालव्याची खूण सरळ दुहेरी रेघ. वाचनालयात पायी फेरीची एक सूचना लावली, आणि पुढच्या रविवारी पाण्याच्या टाकीखाली खरंच माणसं जमली.

फेरी मोठी मजेची असायची. पुढे दादा, हातात छत्री, तोंडात कहाण्या. शेपटीला मी, रेंगाळणाऱ्यांना हाकायला. बँकेच्या बोळात एका घराचं दार रस्त्यापेक्षा खाली गेलंय, तिथे दादा म्हणायचा, दार खाली गेलं नाही, रस्ता वर आला. वखारींच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी कडी आहे, होड्या बांधायची, ती सगळ्यांनी हलवून बघायची. शाळेच्या कोपऱ्यावरच्या गटाराच्या झाकणापाशी तो सगळ्यांना कान लावायला लावायचा, खाली पाणी ऐकू येतं म्हणून. चांगली शिकलीसवरलेली माणसं, बँकेचे मॅनेजर, दातांचे डॉक्टर, भर रस्त्यात गुडघे टेकून झाकणाला कान लावायची. ऐकू यायचा तो वरच्या मजल्यावरच्या मोरीचा आवाज. दादा शपथेवर ओढा म्हणायचा, मी शपथेवर गप्प बसायचे.

आता ते वळण. शाळेच्या कोपऱ्यापासून खरा ओढा नाकासमोर जातो, हार्डवेअरच्या गोदामामागून, सार्वजनिक संडासाच्या कडेने. पहिल्याच फेरीत दादा त्या कोपऱ्यावर थांबला, छत्री डावीकडे वळवली आणि म्हणाला, "इथे खडक लागला, म्हणून ओढा वळला." मी शेपटीला चमकले. शिडीखालून पाहिलेल्या नकाशात खडक नव्हता. माणसं डावीकडे वळली, मीही वळले. बघते तर भिंतींवर ठसठशीत लाटा, बाकी सगळ्या रस्त्यापेक्षा सुंदर काढलेल्या. त्या लाटांमागून आम्ही चेनवालीच्या दुकानासमोर येऊन उभे राहिलो, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

चेनवाली म्हणजे बॅगांच्या चेन दुरुस्त करणारी बाई. कोपऱ्यावरचं अरुंद दुकान, वर पोटमाळा, तिथेच तिचं राहणं. काचेच्या बरण्यांत चेनवर सरकणारे रनर, दोरीला माळेसारखी सूटकेसची चाकं, गल्ल्यावर चेनला घासायची मेणबत्ती. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर. नवरा होता आणि नंतर नव्हता; मेला की गेला हे तिने कोणाला सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही. हातात पक्कड असायची ना.

दादा तिच्या दुकानासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबायचा. इथे होड्या वळायच्या, होडीवाले एकमेकांना शिव्या द्यायचे, एकदा तर ओंडक्यांनी भरलेली होडी उलटली, असं काहीबाही. न झालेल्या ओढ्यात न झालेली होडी दर रविवारी उलटायची, आणि दर रविवारी तिच्यातून वाचलेल्या माणसांची संख्या वाढायची. चेनवाली मान वर करायची नाही. फार झालं की म्हणायची, "पेंटर, माणसं जरा बाजूला घ्या, उजेड अडतो." इतक्या वर्षांतलं त्यांचं बोलणं ते एवढंच. त्या दिवशी दादा घरी येऊन दोनदा चहा प्यायचा आणि मला म्हणायचा, "आज बोलली."

मी काय त्याला चिडवायचं सोडलं? छे. ओढ्याला आज पूर होता का, असं विचारायचे. कान लाल व्हायचे त्याचे. पण सरळ जाऊन बोल म्हटलं की म्हणायचा, "काय बोलू? कारण काय?" एवढा मोठा माणूस, नगरपालिकेच्या दारावरची अक्षरं याने काढली, आणि एका बाईशी बोलायला याला कारण हवं.

दरम्यान त्या वळणाला लोकांनी दत्तक घेतलं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने टपरीचं नाव 'ओढ्याकाठी' ठेवलं. पाटी अर्थात दादाने रंगवली, स्थापनेसकट. समोरच्या इमारतीतले एक आजोबा पहिल्यांदा फेरीला आले तेव्हा म्हणाले, असं का, इथे ओढा होता का. दुसऱ्या वर्षी म्हणाले, आम्ही काठावर खेळायचो. पुढे ते त्यात पोहायला लागले, आणि एकदा तर बुडता बुडता वाचले. त्यांना आम्ही पोहणारे आजोबा म्हणतो.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग नगरपालिकेत नवी इंजिनियर आली. चुणचुणीत मुलगी, दादाला पेंटरकाका म्हणायची, फेरीला लागोपाठ चार-पाच रविवार आली, खुणांचे फोटो काढले. मला वाटलं पोरीला चालायची हौस आहे. महिन्याभरात तिने मंजुरीच आणली. बुजलेल्या ओढ्याचा एक तुकडा उघडा करायचा, वर जाड काच, बाजूला बाकं, लोकांनी खाली वाहतं पाणी बघायचं. जागा कुठली? जिथे रस्ता रुंद आहे आणि खुणा सगळ्यात स्पष्ट आहेत तिथे. चेनवालीच्या दारात.

दुकानांवर नोटिसा लागल्या. काम पुरं होईपर्यंत वळणावरची दुकानं बंद. आमच्या शहरात काम पुरं होणं म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक आहे. नदीवरच्या पुलाचं काम सुरू झालं तेव्हा शेजारची मुलगी शाळेत जायची, आता ती स्वतःच्या मुलीला शाळेत सोडायला जाते, आणि अजून होडीनेच जाते.

नोटीस लागली त्याच संध्याकाळी चेनवाली आमच्या घरी आली. पहिल्यांदाच. मी दार उघडलं, तिच्या कमरेला अजून कामाचा एप्रन होता. दादा आतून बनियनवर बाहेर आला, तिला बघून परत आत गेला, शर्ट उलटा घालून बाहेर आला. मी काही बोलले नाही, म्हटलं बोलायला लागले तर रात्र होईल.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "पेंटर, मी ओढ्याच्या विरोधात नाही. पण दुकान बंद झालं तर मालक जागा दुसऱ्याला देणार, तो वाटच बघतोय. वर राहते, तेही जाईल. तुमचं ते लोक ऐकतात. थोडं पुढे खणा म्हणून सांगता का? ओढा काय, पुढेही असेलच की."

दादाचं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, बोल. तो म्हणाला, "बघतो."

ती गेली आणि मी त्याला फैलावर घेतलं. "बघतो? काय बघतोस? तिथे ओढा नाही, तू आणलास. जा आणि सांग."

"सांगतो गं. ओढ्याचं सांगतो."

"आणि का आणलास ते?"

"ते कशाला सांगायला हवं?" म्हणून तो भांडी घासायला लागला. दादा भांडी घासायला लागला की समजायचं, त्याची पाचावर धारण बसली आहे.

दुसऱ्या दिवशी तो इंजिनियरकडे गेला, मीही गेले, कारण एकटा सोडला तर तो नगरपालिकेसमोरच्या पुतळ्याला वळसा घालून परत आला असता. तो म्हणाला, "त्या वळणावर ओढा नसेलसुद्धा." ती हसली. "पेंटरकाका, तुम्ही फार नम्र आहात. नुसत्या तुमच्या खुणांवर नाही केलं मी. स्थानिकांच्या आठवणी घेतल्या आहेत." तिने पोहणाऱ्या आजोबांचं बोलणं मोबाईलवर ऐकवलं. त्यात ते एका बुडत्या म्हशीलाही वाचवत होते. दादा ऐकत राहिला. आपल्याच ओढ्यात आपण वाहून चाललोय हे त्याला तिथे कळलं असावं. जिन्यावरून उतरताना त्याने माझा हात धरला, तसा तो लहानपणी गर्दीत धरायचा.

मग त्याने दुसरा उद्योग केला. दुपारी सगळीकडे सामसूम असताना पांढरा रंग घेऊन तो वळणावर गेला आणि लाटा पुसायला लागला. चहावाल्याने पाहिलं. त्याने आरडाओरडा करून गल्ली गोळा केली. पेंटर ओढा पुसतोय म्हणून लोक खवळले. कोणी म्हणे याला बिल्डरने गाठलं, कोणी म्हणे वय झालं. आजोबांनी तर ब्रश हिसकावला. पुसलेल्या दोन लाटा चहावाल्याने स्वतः परत काढल्या, आणि इतक्या वाईट काढल्या की दादा घरी येऊन त्याबद्दलच हळहळत बसला. मी म्हटलं, "दादा, बाईचं छप्पर जातंय आणि तुला लाटेच्या वळणाची पडली आहे." त्या रात्री जेवलाही नाही नीट.

उद्घाटनाचा दिवस आला. वळणावर मांडव, खुर्च्या, फीत, आणि कडेला ते खणायचं मोठं पिवळं मशीन, दात आमच्याकडे करून उभं. चेनवालीने दुकान उघडं ठेवलं होतं. आत बसून ती बरण्या खोक्यात भरत होती. रनर एकेका मापाचे वेगळे, प्रत्येक पुडीला रबरबँड. रडत असती तर बरं वाटलं असतं, ती नुसती भरत होती.

नगरसेवकांनी भाषण केलं. या ओढ्याशी त्यांचं बालपणापासूनचं नातं होतं म्हणे. ते या शहरात आले तेव्हा त्यांना मिशा होत्या. मग त्यांनी माईक दादाच्या हातात दिला. पेंटर, दोन शब्द.

दादा उभा राहिला. सवयीने छत्री वर केली आणि सुरू झाला, "इथे होड्या वळायच्या..." आणि थांबला. मी शेवटच्या रांगेत होते, माझ्या नेहमीच्या जागी. त्याने मान उंच करून मला शोधलं. मी काही खूण केली नाही. काय करणार, खुणांनीच तर घात केला होता.

"इथे ओढा नव्हता," दादा म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, पेंटरची नेहमीची सुरुवात.

"खरंच नव्हता. तो शाळेच्या कोपऱ्यावरून सरळ जातो, संडासाच्या कडेने. इथे मी आणला."

आता कुजबुज झाली. आजोबा ताडकन उठले. "काय बोलताय? मी पोहलोय इथे." "नाही पोहलात," दादा म्हणाला. "तुम्ही माझ्या फेरीला आलात, मग पोहलात." आजोबा खाली बसले, पुन्हा उठले, म्हणाले, आणि म्हैस?

नगरसेवकांनी माईक परत घ्यायला हात पुढे केला. त्यांच्या मते पेंटरला ऊन लागलं होतं. माणसं एकमेकांना सांगायला लागली की बिचारा थकलाय, त्याला बसवा, पाणी द्या. कोणाचाच विश्वास बसेना. त्याचंच तत्त्वज्ञान त्याच्या अंगावर आलं होतं, तो तोंडाने बोलत होता आणि भिंती रंगवलेल्या होत्या. मशीनवाल्याने तर मशीन चालू केलं. दुकानात चेनवालीने खोक्याला चिकटपट्टी लावली, तो कर्रकन आवाज मला शेवटच्या रांगेत ऐकू आला.

इंजिनियर पुढे आली. तीच एकटी गंभीर होती. "पेंटरकाका, नव्हता तर खुणा का काढल्यात? कोणी उगाच ओढा का वळवेल?"

दादाने माईक घट्ट धरला. आवाज असा आला की मला माझा भाऊ ओळखू येईना. "मला या दुकानावरून जायचं होतं," तो म्हणाला.

"मग जायचं की. त्याला ओढा कशाला?"

"कारण नव्हतं दुसरं." त्याने दुकानाकडे बघितलं नाही, मशीनकडे बघून बोलत राहिला. "एकदा आलो होतो बॅग घेऊन. यांनी रनर बदलला. तो इतका चांगला बसवला की परत बिघडलाच नाही. मी वाट बघितली, दोन वर्षं. रोज उघडझाप करून बघायचो. मग ओढा आणला."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, आणि हसले असते तर एकेकाची थोबाडं रंगवायची माझी तयारी होती. पण गल्ली अशी चिडीचूप झाली की मशीनवाल्याला स्वतःच्याच मशीनची लाज वाटली असावी, त्याने ते बंद केलं. ती बॅग मला माहीत होती, तपकिरी, कपाटावर असायची. तिची चेन हा बसल्या बसल्या मागेपुढे का करतो म्हणून मी कितीदा त्याच्यावर खेकसले होते. मी तिथेच पदराने नाक पुसलं.

शेवटी नगरसेवकांनी विचारलं, "म्हणजे नक्की खणायचं की नाही?" इंजिनियर म्हणाली, "नाही." फीत कापायला आणली होती ती त्यांनी घडी करून खिशात घातली. चेनवालीने आतून शटर ओढून घेतलं. दादा घरी येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. रंगाचे डबे नेऊन भंगारवाल्याला दे, म्हणाला. मी दिले नाहीत.

दोन दिवसांनी मीच तिच्याकडे गेले. बरण्या परत फळीवर लागल्या होत्या. मी म्हटलं, चिडलात का हो.

"चिडले," ती म्हणाली. चष्मा डोक्यावर सारला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "इतकी वर्षं माझ्या दारात माणसं उभी केली. मला वाटायचं, हा बुवा त्या ओढ्यापायी वेडा झालाय. कीव यायची. आणि परवा दुकान जात होतं ते यांच्याचमुळे. चिडू नको तर काय करू?"

मी म्हटलं, बरोबर आहे.

ती चेनवर मेणबत्ती घासत राहिली. मग म्हणाली, "पण बोलले. सगळ्यांसमोर बोलले. माझं छप्पर राहिलं." तिने चेन एकदा ओढून बघितली. "त्यांना सांगा, लग्नबिग्न असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका. तो धडा मी एकदा गिरवला, पुरे झाला. रविवारी दुकान बंद ठेवणार आहे. जेवायला या म्हणावं. पण माणसं घेऊन येऊ नका. एकटे या."

रविवारी फेरी नव्हती. खरी वाट इंजिनियर तपासून बघणार होती, तोवर बंद. दादाने सकाळपासून तीन शर्ट बदलले. शेवटचा मी इस्त्री करून दिला आणि सुलट आहे ना ते बघितलं. दारात उभा राहून तो म्हणाला, "बेबी, तू येतेस का?"

"मी कशाला?"

"अगं, शेपटीला कोणी नसलं की मला बोलता येत नाही."

"तिला तू एकटा हवा आहेस," मी म्हटलं, "जा आता." बोलताना माझा आवाज जरा चढलाच. तो गेला. छत्री विसरून गेला. मी खिडकीतून बघितलं, कोपऱ्यापर्यंत तो सारखा मागे वळून बघत होता, कोणी रेंगाळलंय का म्हणून.

मग मी स्वयंपाक केला, दोघांचा, सवयीने. दुपार कलली तरी तो आला नाही. बरं झालं म्हटलं, गाडं रुळावर आलं. इतकी वर्षं मीच तर त्याच्या मागे लागले होते. आणि ताट घेऊन बसले तेव्हा घास उतरेना. खोटं कशाला बोलू, रडू आलं. टेबलाशी समोरची खुर्ची रिकामी बघून मला त्या चेनवालीचा असा राग आला, आणि तिने त्याचं काय वाईट केलं होतं? काही नाही. मी ताट तसंच सरकवलं आणि त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं, तो तिथे जेवणार हे पक्कं ठाऊक असताना.

तो संध्याकाळी आला. चेहरा उन्हाने लाल. मी विचारलं, काय बोललात?

"फारसं नाही. तिने विचारलं, खरा ओढा कुठून जातो. म्हटलं, वास येतो तिथे. म्हणाली, चालेल. पुढच्या रविवारी दाखवायला नेतोय." तो चपला काढत होता. एक काढली, दुसरी हातात धरून थांबला. "बेबी, तू जेवलीस का?"

हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नव्हता. आम्ही जेवायचो ते एकाच वेळी, समोरासमोर.

"जेवले," मी म्हटलं, आणि त्याला दिसायच्या आत झाकलेलं ताट ओट्यावरून उचललं.